आमवात जंतूंमुळे होतो का? चिकुनगुन्यानंतर आईचे सांधे सुजलेलेच राहिले, त्या मुलाच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचं वय ५१, राहणं नागपूरच्या नंदनवन भागात. पावसाळ्यात घरातल्या तिघांना चिकुनगुन्या झाला. दोघं महिन्या-दीड महिन्यात पूर्ववत झाले. आईच्या बोटांची पेरं, दोन्ही मनगटं आणि तळपायांचे सांधे मात्र पाच महिन्यांनंतरही सुजलेले आहेत. सकाळी तासभर मूठ वळत नाही. रक्तात आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आला, अँटी-सीसीपी तर खूपच वर आहे (दोन्ही आमवातात सापडणारी प्रतिपिंडं). डॉक्टरांनी रुमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात, असं निदान करून मेथोट्रेक्सेट लिहून दिलं. गोळी अजून सुरू केलेली नाही, कारण एका नातेवाइकांनी सांगितलं की हा आजार मुळात इन्फेक्शनचा आहे, सहा महिने अँटिबायोटिक घेतलं की कायमचा जातो. दुसऱ्या कुणी किडलेल्या दाढा काढायला सांगितल्या. आजोबांना टीबी झाला होता, त्याचा संबंध आहे का, आणि हा आजार घरात इतरांना लागतो का, हेही विचारलं आहे.

शेवटचं आधी सांगतो. आमवात संसर्गजन्य नाही. आईंच्या हातचं खाल्ल्याने, त्यांच्याजवळ झोपल्याने, नातवंडांना मांडीवर घेतल्याने तो कुणालाही होत नाही. तुमच्या बहिणीला तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा साधारण तिप्पट आहे, पण हा आजार मुळात शंभरात जेमतेम एकाला होतो. त्यामुळे तिप्पट होऊनही तिला तो न होण्याचीच शक्यता खूप मोठी आहे.

दुसरी गोष्ट तितकीच तातडीची. मेथोट्रेक्सेट थांबवून ठेवू नका. सांध्यांची झीज पहिल्या एक-दोन वर्षांत सर्वात वेगाने होते आणि एकदा हाड खाल्लं गेलं की ते भरून येत नाही. पाच महिने आधीच गेले आहेत.

आता मूळ प्रश्न. तुमच्या नातेवाइकांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. आमवातामागे जंतूंचा हात आहे ही शंका शंभर वर्षांहून जुनी आहे, मोठमोठ्या डॉक्टरांनी तिच्यामागे आयुष्य घालवलं आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. चूक होते ती पुढच्या पायरीवर: जंतूने सुरुवात केली असेल तर जंतू मारला की आजार जाईल, हे गृहीत धरण्यात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकागोचे फ्रँक बिलिंग्ज यांनी मांडलं की दातांच्या मुळाशी, टॉन्सिलमध्ये, पित्ताशयात लपलेला पू सांध्यांना आजारी पाडतो. पुढची वीस-पंचवीस वर्षं अमेरिकेत आणि युरोपात आमवाताच्या रुग्णांचे सगळेच्या सगळे दात उपटले गेले, टॉन्सिल काढले गेले, काहींची पित्ताशयंही काढली गेली. रसेल सेसिल हे स्वतः आधी या मताचे होते. १९३८ मध्ये त्यांनी आणि अँजेव्हाइन यांनी २०० रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा दात आणि टॉन्सिल काढून सांध्यांना काही फायदा झाल्याचं दिसलं नाही. त्यानंतर हळूहळू ही पद्धत मागे पडली. तोवर असंख्य माणसं बोळकी होऊन बसली होती आणि त्यांचे सांधे होते तसेच होते. म्हणून दाढा काढण्याचा सल्ला कुणी दिला की मला हा सगळा इतिहास आठवतो. तुमच्या आईंची दाढ किडली असेल तर तिच्यावर उपचार करा, वाचत नसेल तर काढा, पण दाढेसाठी काढा. सांध्यांसाठी दात काढण्याचा प्रयोग होऊन गेला आहे आणि तो फसला आहे.

याच काळात एक विलक्षण गोष्ट घडली. फ्रान्समध्ये जाक फॉरेस्टिए यांना आमवात आणि टीबी यांच्यात साम्य वाटलं. सोन्याचे क्षार टीबीवर वापरले जात होते, कारण रॉबर्ट कॉख यांनी १८९० मध्ये काचेच्या नळीत सोन्याच्या संयुगाने टीबीचा जंतू वाढायचा थांबतो हे दाखवलं होतं. फॉरेस्टिए यांनी १९२९ पासून तीच इंजेक्शनं आमवाताला द्यायला सुरुवात केली. टीबीवर सोनं काही चाललं नाही, आमवातावर मात्र चाललं, आणि पुढची पन्नास वर्षं ते या आजारावरचं एक प्रमुख औषध राहिलं. स्टॉकहोममध्ये नाना स्वार्ट्स यांनी आमवात जंतूंमुळे होतो असं धरून सल्फा हे जंतुनाशक आणि सॅलिसिलेट हे वेदनाशामक एकत्र जोडून घेतलं. ते सल्फासलाझिन आजही मी माझ्या रुग्णांना लिहून देतो. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन तर मलेरियाच्या औषधांच्याच कुळातलं. जंतूंशी लढायला काढलेली ही औषधं सांध्यांना उपयोगी पडली, पण ती जंतू मारून गुण देतात असं कुठेही सिद्ध झालेलं नाही. आपलीच भरकटलेली रोगप्रतिकारशक्ती ती शांत करतात.

तुमच्या नातेवाइकांनी सांगितलेल्या अँटिबायोटिकचा उगमही असाच आहे. अमेरिकेतले थॉमस मॅक्फर्सन ब्राउन अनेक दशकं म्हणत राहिले की आमवात मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जंतूमुळे होतो आणि टेट्रासायक्लिनच्या गटातली औषधं दीर्घकाळ दिली तर तो आटोक्यात येतो. शेवटी या मताची नीट परीक्षा झाली. २१९ रुग्णांना ४८ आठवडे मिनोसायक्लिन किंवा दिसायला तशीच निष्क्रिय गोळी देऊन केलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९५ मध्ये आले. मिनोसायक्लिन घेणाऱ्यांची सूज आणि दुखणं थोडं जास्त कमी झालं. फरक खरा होता, पण माफक. हाडांची झीज थांबली असं एक्स-रेत ठामपणे दिसलं नाही. शिवाय सांध्यातली कूर्चा कुरतडणारी विकरं (एन्झाइम) अडवण्याचा गुण मिनोसायक्लिनमध्ये जंतू मारण्याव्यतिरिक्तही आहे, त्यामुळे फायदा झाला म्हणून जंतू सापडला असं म्हणता येत नाही. उलट चक्कर येणं, त्वचेवर आणि हिरड्यांवर निळसर-काळे डाग, क्वचित औषधानेच ल्युपससारखा आजार होणं, हे सगळं सोबत आलं. आज मेथोट्रेक्सेट आणि त्यापुढची औषधं हाताशी असताना सहा महिने नुसतं अँटिबायोटिक देणं म्हणजे आईंचे ते सहा महिने फुकट घालवणं आहे.

मग तथ्य कुठे आहे? इथे जरा थांबून सांगतो, कारण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कळलेली ही गोष्ट रुग्णांपर्यंत पोहोचतच नाही.

आमवात सांध्यात सुरू होत नाही. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी रक्तपेढीत साठवलेले जुने नमुने तपासले. ज्या रक्तदात्यांना पुढे आमवात झाला त्यांच्यापैकी जवळपास निम्म्यांच्या रक्तात आरए फॅक्टर किंवा अँटी-सीसीपी आधीपासूनच होते, साधारण साडेचार वर्षं आधी. काहींच्या बाबतीत तर दहा वर्षं आणि त्याहूनही आधी. हा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे सांधा सुजायच्या कितीतरी आधी, माणूस ठणठणीत असताना, शरीरात कुठेतरी ही प्रतिपिंडं तयार व्हायला लागलेली असतात.

कुठे? बहुतेक पुरावे शरीराच्या ओल्या अस्तरांकडे बोट दाखवतात: हिरड्या, फुप्फुसं, आतडी. जंतूंची आणि आपली रोजची गाठभेट तिथेच होते. अँटी-सीसीपी ही प्रतिपिंडं आपल्याच प्रथिनांवर उलटतात, पण त्या प्रथिनांत एक छोटा रासायनिक बदल झालेला असतो: आर्जिनिन या घटकाचं सिट्रुलिन झालेलं असतं. सूज आली की हा बदल कुठेही होतो आणि एरवी शरीर त्याची दखल घेत नाही. ज्यांच्यात विशिष्ट प्रकारचं एचएलए-डीआरबी१ जनुक असतं त्यांच्या पेशी मात्र हे बदललेलं प्रथिन परकं समजून पुढे करतात आणि प्रतिपिंडं बनायला लागतात. स्वीडनमध्ये २००६ मध्ये दिसलं की या जनुकाच्या दोन प्रती असलेल्या धूम्रपान करणाऱ्यांना अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह आमवाताचा धोका, जनुकही नाही आणि धूम्रपानही नाही अशांच्या तुलनेत २१ पट होता. धुराने फुप्फुसात सूज येते, सुजेत सिट्रुलिन वाढतं, आणि पुढची साखळी सुरू होते.

नुसतं जनुक मात्र पुरत नाही. एकाच बीजातून झालेल्या जुळ्यांपैकी एकाला आमवात असेल तर दुसऱ्यालाही तो होण्याचं प्रमाण जेमतेम १२ ते १५ टक्के आहे. जनुकं तीच, घर बहुधा तेच, तरी दहातल्या आठ-नऊ जणांना आजार होत नाही. उरलेला भाग बाहेरून येतो. जंतूंचा विचार इथे अपरिहार्य होतो.

हिरड्यांबद्दलचा पुरावा मला सर्वात बोलका वाटतो. हिरड्यांच्या जुनाट आजारात पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस नावाचा जंतू वाढतो, आणि आर्जिनिनचं सिट्रुलिन करणारं स्वतःचं विकर त्याच्याकडे आहे. जंतूंच्या जगात ही क्षमता फारच दुर्मीळ. अ‍ॅग्रिगॅटिबॅक्टर या दुसऱ्या जंतूचं विष पांढऱ्या पेशींना फोडतं आणि त्या फुटताना सिट्रुलिनयुक्त प्रथिनांचा लोंढा बाहेर पडतो, असं २०१६ मध्ये दाखवलं गेलं. आमवाताच्या रुग्णांमध्ये हिरड्यांचा आजार जास्त आढळतो हे तर कितीतरी देशांत दिसलं आहे. पण हिरड्यांवर उपचार केल्याने आमवात किती सुधारतो, याच्या चाचण्या लहान आहेत आणि त्यांचे निकाल एकसारखे नाहीत. म्हणून मी प्रत्येक रुग्णाला दंतवैद्याकडे जाऊन हिरड्या तपासून, साफ करून घ्यायला सांगतो, पण त्याने गोळ्या सुटतील असं आश्वासन कधीच देत नाही. नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे हे काम कमी खर्चात होतं.

ओघात सुपारी-तंबाखूच्या खर्‍याबद्दल. नागपुरात आणि सबंध पूर्व विदर्भात खर्‍याशिवाय दिवस न जाणारी माणसं घरोघरी आहेत, बायकाही आहेत. खर्‍याने आमवात होतो असं मी म्हणणार नाही. स्वीडनमध्ये तोंडात ठेवायच्या ओल्या तंबाखूवर अभ्यास झाला, त्यात आमवाताशी संबंध दिसला नाही. दोष धुराचा दिसतो. पण सुपारी, चुना आणि तंबाखूने हिरड्यांची काय दशा होते ते आरशात दिसतं, आणि तोंडाच्या कर्करोगाबद्दल मी वेगळं सांगायला नको. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर ती बंद करणं हा आमवात टाळण्याचा आज माहीत असलेला सर्वात ठोस उपाय आहे.

आतड्यांविषयी थोडक्यात. न्यूयॉर्कमध्ये २०१३ मध्ये असं आढळलं की नव्याने आमवात झालेल्या, औषध सुरू न केलेल्या ७५ टक्के रुग्णांच्या आतड्यात प्रीव्होटेला कोप्राय हा जंतू होता, निरोगी माणसांत तो सुमारे २१ टक्क्यांत होता. बातमी मोठी झाली. पण डाळ, पोळी, भाजी, ज्वारी खाणाऱ्या आपल्यासारख्या लोकांच्या आतड्यात प्रीव्होटेला एरवीही मुबलक असतो आणि बहुतेकांना त्याचा काही त्रास नसतो. म्हणून शौचाच्या नमुन्यातून 'आतड्यातले जंतू' मोजून देणाऱ्या महागड्या तपासण्यांवर पैसे घालवू नका. त्यांच्या अहवालावरून आमवाताचा उपचार ठरत नाही. आणि आंबट खाल्ल्याने सांधे धरतात म्हणून आईंची संत्री बंद केली असतील, तर ती पुन्हा सुरू करा. त्याला काही आधार नाही.

एपस्टाइन-बार विषाणूवरचा संशय फार जुना आहे. त्याच्या एका प्रथिनातला तुकडा वर सांगितलेल्या एचएलए जनुकाच्या प्रथिनातल्या तुकड्याशी तंतोतंत जुळतो, आणि आमवाताच्या रुग्णांच्या रक्तात हा विषाणू जास्त प्रमाणात सापडतो. अडचण अशी की जगातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त प्रौढांना तो होऊन गेलेला असतो. लघवीच्या मार्गातला प्रोटियस जंतू, मुलांना अंगावर पुरळ आणणारा पार्वोव्हायरस बी१९, यांच्यावरही संशय घेतला गेला. पार्वोव्हायरस मोठ्या माणसांत, विशेषतः स्त्रियांत, हुबेहूब आमवातासारखे सांधे सुजवतो, पण तो बहुधा काही आठवड्यांत ओसरतो.

एक शोध मात्र या सगळ्याच्या उलट दिशेचा आहे आणि म्हणूनच मला तो महत्त्वाचा वाटतो. स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासात दिसलं की ज्यांना आदल्या दोन वर्षांत जुलाबाचा किंवा लघवीचा संसर्ग झाला होता, त्यांना आमवात होण्याचं प्रमाण कमी होतं. संसर्ग म्हणजे सरसकट वाईट, असं हे प्रकरण नाही. कोणता जंतू, शरीराच्या कोणत्या भागात, कोणत्या जनुकाच्या माणसात, यावर सगळं अवलंबून आहे. टीबीवर आणि पोलिओवर जसा एकच आरोपी सापडला तसा आमवाताचा सापडलेला नाही, आणि आजवरचं पाहता एकच एक सापडेल असं मला वाटत नाही.

आता तुमच्या आईंकडे येतो. चिकुनगुन्या आपल्याला नवा नाही. १९६३ मध्ये तो कोलकात्यात आढळला, १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्याची साथ आली, मग तीसेक वर्षं तो जवळपास विसरला गेला आणि २००६ मध्ये देशभर उसळला. नागपूरने ती साथ पाहिली, आणि २०२४ च्या पावसाळ्यातलीही. पोळ्या-मारबतीच्या दिवसांत आमच्या बाहेरच्या बाकांवर भिंतीला धरून उठणाऱ्या माणसांची रांग असते. उन्हाळा संपला तरी कुलरच्या टाकीत उरलेलं पाणी, कुंड्यांखालच्या बशा, गच्चीवरचे टायर, एडिस डासाला आणखी काय हवं? बहुतेकांचे सांधे काही आठवड्यांत ते काही महिन्यांत मोकळे होतात. काहींचे मात्र वर्ष-दोन वर्षं दुखत राहतात, आणि त्यांतले काही अगदी आमवातासारखेच दिसतात: दोन्ही बाजूंची लहान पेरं, सकाळचा ताठरपणा, सूज.

फरक ओळखायला अँटी-सीसीपी फार उपयोगी पडते. निव्वळ चिकुनगुन्याच्या संधिवातात ती बहुधा निगेटिव्ह असते. क्वचित थोडी वाढते. तुम्ही लिहिलंय की आईंची ती खूप वर आहे. वर सांगितलेल्या रक्तपेढीच्या अभ्यासावरून तुमच्या लक्षात आलं असेल की ही प्रतिपिंडं आईंच्या रक्तात पावसाळ्याच्या आधीपासूनच असण्याची शक्यता मोठी आहे. डास चावला नसता तरी कदाचित वर्षा-दोन वर्षांत हाच आजार उघड झाला असता. चिकुनगुन्याने तो लवकर उघड केला असं म्हणणं मला पटतं. चिकुनगुन्याने तो निर्माण केला असं म्हणणं कठीण आहे. आणि उपचाराच्या दृष्टीने या वादाने काही बदलत नाही. विषाणू शरीरातून केव्हाच गेलेला आहे, त्यावर अँटिबायोटिकचा तसाही परिणाम होत नाही, आणि आज सांध्यात जे चाललं आहे ते आईंच्याच पांढऱ्या पेशी करत आहेत. तिथेच औषध पोहोचायला हवं.

तरीसुद्धा जंतू शोधायचेच असतात, फक्त दुसऱ्या कारणासाठी. काही संसर्ग आमवाताचं सोंग घेतात, आणि ते ओळखले तर पूर्ण बरे होतात. याचं सर्वात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं. १९७५ च्या सुमारास कनेटिकट राज्यातल्या ओल्ड लाइम भागात बरीच मुलं बालवयातल्या आमवाताने आजारी पडली. एवढ्या छोट्या गावात इतकी मुलं कशी, असा हट्टाने प्रश्न विचारला तो त्या मुलांच्या आयांनी. ॲलन स्टीअर यांनी शोध घेतला, १९८१ मध्ये विली बर्गडॉर्फर यांना गोचिडीत जंतू सापडला, आणि आमवात वाटलेला तो आजार अँटिबायोटिकने बरा होऊ लागला. त्यामुळे एखादी आई किंवा एखादा मुलगा असा प्रश्न विचारतो तेव्हा मी तो गंभीरपणे ऐकतो.

आपल्या भागात सोंग घेणारे वेगळे आहेत. हिपॅटायटिस सी असला तर सांधे दुखतात आणि आरए फॅक्टरही पॉझिटिव्ह येतो. कुष्ठरोगाच्या रिअ‍ॅक्शनमध्ये हातापायांचे सांधे आमवातासारखे सुजतात, आरए फॅक्टरही येऊ शकतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाकडून आलेल्या रुग्णाच्या अंगावर बधिर चट्टा आहे का, नस जाड लागते का, हे मी पाहिल्याशिवाय राहत नाही. टीबीचं पोन्सेट नावाचं एक रूप आहे. टीबी असतो गाठींत किंवा फुप्फुसात आणि सुजतात सांधे, ज्यांत जंतू सापडत नाही. टीबीचा उपचार सुरू झाला की सांधे आपोआप उतरतात. हृदयाच्या झडपेला संसर्ग झाला तरी आरए फॅक्टर पॉझिटिव्ह येऊ शकतो. म्हणूनच नुसता आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आला म्हणून आमवात, असं निदान करू नये. बारीक ताप, वजन उतरणं, रात्री घाम, जुनाट खोकला, मानेत गाठी, यांतलं काही आईंना असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना आठवणीने सांगा.

आजोबांच्या टीबीचं उत्तर इथेच येतं. तेव्हा आई त्याच घरात वाढल्या असतील तर टीबीचा जंतू त्यांच्या शरीरात निपचित पडून असू शकतो. आपल्या देशात असे लोक कोट्यवधी आहेत आणि बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. त्या जंतूने आमवात झाला असं म्हणायला आधार नाही. उंदरांना टीबीच्या मेलेल्या जंतूंचं तेलातलं इंजेक्शन दिलं तर त्यांचे सांधे सुजतात, हे पिअर्सन यांनी १९५६ मध्ये दाखवलं होतं. पण माणसाचं तसं सिद्ध झालेलं नाही. खरी काळजी पुढची आहे. टीएनएफ हे सूज वाढवणारं प्रथिन अडवणारी इंजेक्शनं द्यायची वेळ आली तर तो निपचित जंतू जागा होऊ शकतो. २००१ मध्येच इन्फ्लिक्सिमॅबच्या रुग्णांत हे लक्षात आलं होतं. म्हणून ती सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे, मॉन्टू ही त्वचेवरची तपासणी किंवा आयजीआरए ही रक्ततपासणी करतात आणि गरज पडली तर आधी काही महिने टीबी प्रतिबंधक गोळ्या देतात. आजोबांची ही माहिती फाईलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवा.

मेथोट्रेक्सेट सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बी आणि सी, रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या झाल्या आहेत ना, हे पाहा. ही गोळी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायची असते. रोज घेतली तर जीवावर बेतू शकतं, आणि असे रुग्ण दरवर्षी दवाखान्यात येतात. वार ठरवून कॅलेंडरवर लिहा, पाकीट वेगळं ठेवा, आणि सांगितलेल्या दिवशी फॉलिक अ‍ॅसिड द्या. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर कमी मात्रेचं स्टेरॉइड डॉक्टर देतील, ते त्यांच्याच सांगण्याने कमी करायचं. मित्राने आणून दिलेल्या 'वाताच्या पुड्यांत' बहुतेकदा मोजमाप नसलेलं स्टेरॉइडच असतं. त्याने संसर्ग झाकले जातात आणि हाडं पोकळ होतात. मोठा ताप आला, छातीत कफ झाला, नागीण उठली, तर मेथोट्रेक्सेट तात्पुरतं थांबवून डॉक्टरांना फोन करा. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाची ठरल्याप्रमाणे. जिवंत विषाणूची कोणतीही लस न विचारता देऊ नका.

आणि एक खूण कायम लक्षात असू द्या. बाकीचे सांधे बरे असताना एकच सांधा, बहुधा गुडघा, एक-दोन दिवसांत लाल, गरम आणि टम्म सुजला, पाय टेकवेना, सोबत थंडी-ताप, तर तो आमवात उसळला असं समजून घरी वेदनाशामक देत बसू नका. आमवाताने खराब झालेल्या सांध्यात जंतू खरोखरच शिरतात, बहुधा स्टॅफिलोकॉकस, आणि औषधांमुळे ताप कमीही असू शकतो. त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्रीच, मोठ्या रुग्णालयात नेऊन सांध्यातलं पाणी सुईने काढून तपासायला हवं. तिथे अँटिबायोटिक अगदी तासांच्या हिशेबाने लागतं, नसेतून.

तुम्ही अजून मेथोट्रेक्सेटला घाबरत असाल तर तुमच्याच डॉक्टरांना पुन्हा भेटा आणि हेच प्रश्न विचारा. दुसरं मत हवं असेल तर मेडिकलच्या किंवा मिहानमधल्या एम्सच्या ओपीडीत जाऊन घ्या. पण त्यासाठी पुढचा पावसाळा उजाडू देऊ नका. या आठवड्यात रक्ततपासण्या, त्या ठीक आल्या की पहिली गोळी, आणि चार आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासून मात्रा ठरवायची. हिरड्यांची तपासणी याच महिन्यात उरकून घ्या.